हिशेब जुळला, पण सर्व्हो जळला

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणी बिघडवली?" ती कशी बिघडली, हे विचारायला आपल्याला सवड नसते. त्यातून घरात शाळा-कॉलेजात जाणारे पोर असले, की पहिल्या प्रश्नाचे उत्तरही आपल्याजवळ तयारच असते. आमच्या हातून नेमके हेच झाले. एका रिमोटच्या गाडीचा सर्व्हो जळाला, अकरावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येला विनाकारण बोलणी खावी लागली आणि आम्हांला एक धडा मिळाला.

तो धडा आमच्यापुरता ठेवण्यासारखा नाही. रेडिओवर चालणाऱ्या गाड्या आता मध्यमवर्गीय घरांतही दिसतात. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची मुले आपल्या प्रोजेक्टसाठी याच जातीच्या मोटारी वापरतात. म्हणून घडला प्रकार आणि त्यामागची यंत्राची माहिती, दोन्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काय घडले

आमच्या पुतण्याला लहानपणापासून या गाड्यांचा नाद. नोकरीनिमित्त तो पुण्याला गेला, तेव्हा आपली जुनी गाडी त्याने चुलत बहिणीला देऊन टाकली. खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी. जत्रेतल्या खेळण्यातली गाडी वळते तेव्हा एकदम पूर्ण वळते, नाहीतर सरळ जाते. मधले काही तिला ठाऊक नसते. ही गाडी तशी नव्हती. हातातल्या ट्रान्समीटरचे चाक थोडे फिरवले तर गाडीची चाके थोडी वळत, जास्त फिरवले तर जास्त वळत.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत कन्या रोज संध्याकाळी ही गाडी वस्तीतल्या मैदानावर नेऊ लागली. लहान पोरांचा घोळका मागे. एका रविवारी ट्रान्समीटर सहज आमच्या हाती आला. त्याच्या छोट्या पडद्यावर स्टिअरिंगचे दोन आकडे दिसले. डावीकडे १०४, उजवीकडे ८२.

वीस वर्षे कचेरीत जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेलेल्या माणसाला असा फरक सहन होत नाही. दोन बाजू आहेत, तर त्या जुळल्या पाहिजेत! आम्हांला वाटले, पोरीच्या हातून कुठलेसे बटण दाबले गेले असावे. आम्ही कोणाला न विचारता उजवीकडचे ८२ वाढवून १०४ केले. दोन्ही बाजू जुळल्या, आम्ही समाधानाने ट्रान्समीटर जागेवर ठेवला आणि विसरून गेलो.

त्याच संध्याकाळी कन्या म्हणाली, "बाबा, गाडी उजवीकडे पूर्ण वळवली की गुरगुरते." आम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "नवी आहेस, हात बसेल." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितले, आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी ती गाडी हातात घेऊन घरी आली. जळकट वास येत होता. पुढची चाके उजवीकडे वळलेली आणि तशीच अडकलेली.

"कुठेतरी आपटली असशील," आम्ही म्हणालो.

"नाही आपटली, बाबा."

"आपटल्याशिवाय का कोणती वस्तू मोडते? दादाने विश्वासाने दिली होती."

ती पुढे काही बोलली नाही. गाडी खोक्यात घालून तिने पलंगाखाली सरकवली. वस्तीतली पोरे हाक मारायला आली, तर "गाडी मोडली" एवढेच सांगून परत पाठवली. तिची आई आम्हांला म्हणाली, "ती खोटं बोलत नाही कधी." आम्ही ऐकले आणि सोडून दिले.

वर्तमानपत्रावरची पंचनामा

महिनाभराने पुतण्या रजेवर आला. त्याने गाडी मागितली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि स्टिअरिंगचा सर्व्हो काढून त्याचे चार स्क्रू सोडवले. काडेपेटीहून थोडी मोठी अशी ती डबी. आत एक चिमुकली मोटर, एकात एक गुंतलेली चार-पाच दातेरी चाके, फिरत्या टोकाला जोडलेला एक छोटा भाग आणि इलेक्ट्रॉनिक पट्टी.

त्याने दातेरी चाके एकेक करून उजेडात धरली. "काका, हे बघा. एकही दाता तुटलेला नाही. गाडी जोरात आपटली असती, तर धक्का चाकातून इथपर्यंत येतो आणि बहुधा आधी दातेच जातात. इथे मोटर जळली आहे. मोटर आपटून जळत नाही, अडकून जळते." मग त्याने ट्रान्समीटर सुरू केला, पडदा पाहिला आणि विचारले, "उजवीकडे १०४ कोणी केलं?"

खोलीत कन्या होती, तिची आई होती. सांगावे लागले. आम्ही केले.

सर्व्हो म्हणजे काय

त्या दिवशी पुतण्याने आम्हां दोघांना जे समजावले आणि नंतर आम्ही स्वतः वाचून पडताळून पाहिले, ते सोप्या शब्दांत असे.

सर्व्हो ही आज्ञाधारक मोटर आहे. साधी मोटर वीज मिळाली की गरगर फिरत राहते. सर्व्होला मात्र "अमुक जागी जाऊन थांब" असा हुकूम देता येतो. हा हुकूम विजेच्या लहान ठोक्यांच्या रूपाने जातो. नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला सुमारे ५० ठोके. ठोका दीड मिलिसेकंदाचा, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट लांबीचा असला, तर सर्व्हो मध्यावर थांबतो. ठोका आखूड होत एक मिलिसेकंदाकडे गेला की एका बाजूला वळतो, लांबत दोन मिलिसेकंदांकडे गेला की दुसऱ्या बाजूला.

आता आपण कुठे आहोत, हे सर्व्होला कसे कळते? फिरत्या टोकाला जोडलेला जो छोटा भाग आम्ही पाहिला, तो म्हणजे पोटेन्शिओमीटर. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला जी खुंटी फिरवत असू, तिच्याच जातीचा. तो सतत सांगत असतो, "सध्या टोक इथे आहे." इलेक्ट्रॉनिक पट्टी हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांची तुलना करते. फरक असेल तोवर मोटर फिरवते, फरक मिटला की थांबवते.

फरक मिटलाच नाही तर? समजा हुकूम आहे ४० अंश वळण्याचा, पण चाक ३२ अंशांवरच गाडीच्या सांगाड्याला टेकले. पट्टीच्या हिशेबी आठ अंश बाकी राहिले. ती मोटरला ढकलतच राहते. मोटर फिरू शकत नाही, पण वीज खात राहते, आणि मोकळेपणी फिरताना लागते त्याच्या कित्येक पट खाते. ती वीज हालचालीत जात नाही, म्हणून तिची उष्णता होते. कन्येला ऐकू आलेली गुरगुर ती हीच. भिंतीला टेकलेली बैलगाडी बैलांनी ओढतच राहावी, तसा प्रकार. शेवटी मोटर जळते, नाहीतर पट्टी जळते, नाहीतर दाते झिजतात.

एवढ्यावर संपत नाही. बहुतेक गाड्यांत सर्व्हो आणि रेडिओचा रिसीव्हर एकाच ठिकाणाहून वीज घेतात. सर्व्होने अशी जादा वीज ओढली की रिसीव्हरची वीज कमी पडू शकते आणि क्षणभर गाडी कोणाचेच ऐकत नाही. भरवेगात असे झाले तर गाडी समोरच्या मुलांच्या पायांवर जायला वेळ लागत नाही. म्हणून खेळण्यातली गोष्ट असली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

रेडिओलहरींनी दुरून वाहन वळवण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी एक छोटी बोट रेडिओलहरींनी चालवून आणि वळवून लोकांना थक्क केले होते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ची रेडिओवर चालणारी प्रतिकृती आणली आणि पुढे हा छंद जगभर घरोघर गेला. पण साधने कितीही सुधारली, तरी चाक कुठे टेकते हे ट्रान्समीटरला दिसत नाही. ते पाहणे चालवणाऱ्याचेच काम आहे.

चार आकडे, चार वेगळी कामे

ट्रान्समीटरवर स्टिअरिंगसाठी साधारणपणे चार सोयी असतात. नावे जवळजवळची असल्यामुळे गोंधळ होतो. म्हणून त्यांची कामे वेगळी करून सांगतो.

ट्रिम : हात सोडल्यावर गाडी किंचित डावीकडे वा उजवीकडे ओढत असेल, तर चालवता चालवता केलेली बारीक दुरुस्ती.

सब-ट्रिम : सर्व्होचा मध्य ठरवण्यासाठी एकदाच, गाडी बांधताना करायची दुरुस्ती. हीदेखील थोडीच करावी. फार केली तर एका बाजूची हालचाल कमी पडते.

एंड पॉइंट, म्हणजेच ई.पी.ए. : डावीकडची शेवटची मर्यादा आणि उजवीकडची शेवटची मर्यादा. हिला काही ट्रान्समीटरवर ट्रॅव्हल असेही म्हणतात. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे लावता येतात, आणि ही सोय दिलेलीच त्यासाठी आहे. आम्ही बिघडवली ती हीच.

ड्युअल रेट : दोन्ही बाजूंचे वळण एकदम, त्याच प्रमाणात कमी करणारी सोय. ओल्या किंवा गुळगुळीत जमिनीवर गाडी फार झटकन वळू नये म्हणून चालवताना वापरतात.

यातला एक सापळा लक्षात ठेवावा. ड्युअल रेट ७० वर असताना कोणी एंड पॉइंट लावले, तर त्या वेळी सारे ठीक दिसते. पुढे कोणीतरी ड्युअल रेट १०० केला की चाके मर्यादेपलीकडे ढकलली जातात. म्हणून एंड पॉइंट लावताना ड्युअल रेट नेहमी १०० वर ठेवावा.

डावी-उजवी का जुळत नाही

आमचा खरा प्रश्न हा होता. गाडीची डावी आणि उजवी बाजू सारखी असताना आकडे वेगळे का?

पहिले कारण सर्व्होच्या टोकावरचे दाते. या टोकावर एक छोटा हात बसतो. त्याला हॉर्न म्हणतात, पण त्याचा भोंग्याशी काही संबंध नाही. पुष्कळ सर्व्होंच्या टोकावर २५ दाते असतात, काहींवर २४ किंवा २३. पूर्ण फेरा ३६० अंशांचा, म्हणजे २५ दात्यांत एका दात्याचा हिस्सा १४.४ अंश. हात एक दाता पुढे बसेल किंवा एक दाता मागे. मधे बसत नाही. त्यामुळे तो अगदी काटकोनात क्वचितच येतो, आणि थोडा कलला की एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी ढकलतो.

दुसरे कारण जोडणीचे. सर्व्हो बहुधा गाडीच्या बरोबर मधोमध नसतो, एका बाजूला असतो. त्याचा दांडा तिरका जातो. फिरणाऱ्या हाताची गती सरळ दांड्यात उतरते, तेव्हा दोन्ही दिशांना ती सारखी पडत नाही.

तिसरी गोष्ट खुद्द चाकांची. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर धावते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर. म्हणून आतले चाक जास्त वळावे लागते. घोडागाड्यांच्या काळातच हे ओळखले गेले होते. म्युनिकचे गाडीकारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांच्या अशा रचनेचे पेटंट १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी घेतले. आजही ती ॲकरमनच्या नावाने ओळखली जाते. आपल्या कामापुरते एवढेच, की दोन्ही चाके एकाच वेळी शेवटाला टेकत नाहीत. जे चाक आधी टेकेल, त्याच्यावरून मर्यादा ठरवायची.

म्हणजे पुतण्याने लावलेले १०४ आणि ८२ हे आकडे चुकीचे नव्हतेच. दोन्ही चाके जिथे टेकत होती, तिथून त्याने ते मोजून काढले होते. आम्ही त्याची मेहनत एका बोटाने पुसली.

वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवले होते, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही. चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कमही तेरीज जुळवून देते. परीक्षेत या प्रश्नाला आम्हांला पूर्ण गुण होते. घरी मात्र आम्ही ते विसरलो.

मर्यादा कशी लावावी

पुतण्याने नवा सर्व्हो आणला. त्याचे पैसे अर्थात आम्ही दिले. मग त्याने तो स्वतः बसवला नाही. चुलत बहिणीच्या हाती स्क्रू ड्रायव्हर दिला आणि आम्हांला शेजारी बसवले. ज्या क्रमाने काम झाले, तो क्रम देत आहोत.

१) गाडी ठोकळ्यावर ठेवावी, चारही चाके अधांतरी. आधी ट्रान्समीटर सुरू करावा, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी आणि मग ट्रान्समीटर. हा नियम मोडला तर गाडी आपोआप धावू शकते. ट्रान्समीटरमध्ये दोन-चार गाड्यांची नोंद ठेवायची सोय असेल, तर याच गाडीची नोंद निवडली आहे ना, ते पाहावे. एकीचे आकडे दुसरीला लागले तरी हाच घोळ होतो.

२) जुने सगळे आकडे पुसावेत. ट्रिम शून्य, सब-ट्रिम शून्य, ड्युअल रेट १००. दोन्ही एंड पॉइंट मुद्दाम कमी, ६० च्या आसपास ठेवावेत. कमीपासून वर चढावे, वरून खाली उतरू नये.

३) सर्व्होचा हात काढलेलाच असू द्यावा. वीज दिली की सर्व्हो स्वतःच मध्यावर येतो. मग हात काटकोनाच्या जास्तीत जास्त जवळ बसेल असा दाता शोधून बसवावा. उरलेला किरकोळ फरक सब-ट्रिमने काढावा.

४) चाके सरळ दिसत नसतील, तर टाय रॉडची लांबी कमी-जास्त करावी. पुष्कळ गाड्यांत हा रॉड पान्याने फिरवूनच लांब-आखूड होतो. जे काम रॉडचे आहे ते ट्रिमवर ढकलू नये.

५) ट्रान्समीटरचे चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडीची चाके उजवीकडेच जातात ना, ते पाहावे. उलटी जात असतील तर रिव्हर्सची सोय वापरावी.

६) आता ट्रान्समीटरचे चाक उजवीकडे पूर्ण फिरवून धरावे आणि उजवा एंड पॉइंट एकेक आकड्याने वाढवावा. या वेळी डोळे पडद्यावर नकोत, टायरवर हवेत. आकडा वाढतो आहे तोवर टायर सरकत राहील. एका क्षणी आकडा वाढेल, पण टायर सरकणार नाही. तिथेच थांबावे आणि दोन-तीन आकडे मागे यावे. काही सर्व्हो नुसते जागा धरून ठेवतानाही बारीक आवाज करतात, म्हणून केवळ कानावर विसंबू नये. टायर सरकतो की नाही, ही खरी खूण.

७) डावीकडे पुन्हा हेच, स्वतंत्रपणे. उजवीकडचा आकडा पाहून डावीकडे उतरवू नये.

८) चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून धरावीत आणि गाडीचा पुढचा भाग हाताने दाबावा, मग उचलावा. स्प्रिंग दबली किंवा उघडली की चाक थोडे जागा बदलते, आणि मोकळे वाटणारे चाक कुठेतरी घासू शकते. पुढच्या चाकांनाही ताकद देणारी गाडी असेल, तर त्या चाकांकडे जाणारा सांधा पूर्ण वळणात अडखळत नाही ना, ते चाक हाताने फिरवून पाहावे. सांगाड्याला टेकण्याआधीच सांधा अडत असेल, तर मर्यादा तिथली.

९) सर्व्हो आणि दांडा यांच्यामध्ये स्प्रिंगची एक छोटी सोय असते. तिला सर्व्हो सेव्हर म्हणतात. चाकावर धक्का बसला तर तो आपण झेलून सर्व्होचे दाते वाचवणे, हे तिचे काम. ही स्प्रिंग सैल झाली की चाके पूर्ण वळत नाहीत. अशा वेळी आकडा वाढवून वळण मिळवू पाहणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. स्प्रिंग घट्ट करावी किंवा बदलावी.

मैदानावरचा ताळा

ठोकळ्यावरचे काम झाले तेव्हा कन्येने पडद्यावरचे आकडे वहीत लिहिले. डावे १०१, उजवे ८८. सवयीने आमचा हात पुढे जाणार होता, पण आम्ही तो मागे घेतला.

संध्याकाळी आम्ही तिघे मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या ओट्यावर गेलो. सोबत खडू आणि मोजपट्टी. कन्येने गाडी अगदी सावकाश चालवून उजवीकडे पूर्ण वळणाचे एक वर्तुळ काढले. पुतण्या बाहेरच्या चाकामागे खडूच्या खुणा करीत गेला. मग डावीकडे. मोजले, तर उजव्या वर्तुळाचा व्यास भरला सात फूट आणि डाव्याचा सहा फूट आठ इंच. गाडी डावीकडे जास्त आखूड वळत होती.

"आता उजवीकडचा आकडा वाढवायचा का?" आम्ही विचारले.

कन्या म्हणाली, "नाही बाबा. उजवीकडचं चाक शेवटाला आहे. त्याच्याकडे आता द्यायला काही नाही. डावीकडचा कमी करायचा."

तिने डावीकडचा आकडा एकेक करीत ९७ वर आणला. पुन्हा वर्तुळ काढले. सात फूट. दोन्हीकडे सात फूट! पाच मिनिटे गाडी पळवली आणि सर्व्होवर बोट ठेवून पाहिले. जेमतेम कोमट. गुरगुर नाही.

आकडे राहिले ९७ आणि ८८. जुळली ती वर्तुळे. आम्ही वीस वर्षे ज्याला ताळा म्हणत आलो, तो इथे कागदावर नव्हता. जमिनीवर खडूने काढलेला होता.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे करावे

स्वस्तातल्या काही गाड्यांच्या ट्रान्समीटरवर एंड पॉइंटची सोय नसते, फक्त ड्युअल रेटची एक खुंटी असते. तिथे जी बाजू आधी टेकते तिच्या मानाने खुंटी कमी करावी आणि खुंटीशेजारी पेनाने खूण करून ठेवावी. दुसऱ्या बाजूला थोडे वळण कमी पडेल, पण सर्व्हो वाचेल. हात योग्य दात्यावर बसवून आणि रॉडची लांबी सारखी करून तो फरकही बराच कमी होतो.

प्रोजेक्टसाठी अर्डुइनोवर सर्व्हो चालवणाऱ्या मुलांनीही हेच ध्यानात घ्यावे. तिथल्या नेहमीच्या सर्व्हो लायब्ररीत काही सांगितले नाही, तर ठोक्याची लांबी ५४४ ते २४०० मायक्रोसेकंद धरली जाते. शून्य अंश किंवा १८० अंश असा हुकूम दिला, की पुष्कळ लहान सर्व्हो आतल्या आत शेवटाला टेकतात आणि गुरगुरत राहतात. प्रोग्राममध्ये आपल्या यंत्राच्या हालचालीपुरतीच कमाल आणि किमान मर्यादा घालावी, आणि ती आधी हळूहळू तपासून ठरवावी. "प्रोग्राम बरोबर आहे, मोटरच खराब निघाली," असे सरांना सांगण्याआधी एकदा यंत्राचा हात कुठे टेकतो ते पाहावे.

एकदा लावलेली मर्यादा कायमची नसते. सर्व्हो बदलला, हात काढून परत बसवला, टाय रॉड फिरवला, वेगळ्या मापाची चाके लावली, की पुन्हा तपासावे. काही ट्रान्समीटरमध्ये ट्रिम बरीच हलवली तरी शेवटच्या मर्यादा तिच्याबरोबर सरकतात, हेही विसरू नये. लावलेले आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. कन्येने तशी वही केली आहे. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे, "आकडे सारखे करू नयेत." ते कोणासाठी आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

शेवटी, ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. त्या तीन दिवसांत गाडीत काय बिघडले आहे, हे सांगणारे घरात एकच माणूस होते. तिला नावे माहीत नव्हती, एंड पॉइंट माहीत नव्हता, पण "उजवीकडे पूर्ण वळवली की गुरगुरते" हे तिचे निरीक्षण अचूक होते. कोणत्या बाजूला, किती वळल्यावर, काय होते, सारे त्यात होते. आम्ही तेव्हाच मान वर करून "चल, दाखव" म्हटले असते, तर आकडा मागे घ्यायला अर्धा मिनिटही लागला नसता. सर्व्हो वाचला असता आणि महिनाभर ती गाडी पलंगाखाली पडून राहिली नसती.

मैदानावरून परतताना आम्ही तिला म्हणालो, "बेटा, चूक आमची होती. तुला बोललो, ते बोलायला नको होते." ती म्हणाली, "असू द्या बाबा," आणि ट्रान्समीटर आमच्या हातात दिला. "आता तुम्ही चालवा. पण सेटिंगला हात लावू नका."

आम्ही नुसती गाडी चालवली. उजवीकडे पूर्ण वळवून पाहिली. आवाज आला नाही.